मुळ्याचा नैवेद्य

"तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" कोकणातल्या माणसाला हा प्रश्न कुठेही आणि कुणीही विचारतं. टोकियोतल्या माझ्या पहिल्या भाद्रपदात तो निशी-कासाईच्या एका किराणा दुकानात, उडदाच्या डाळीच्या पिशव्यांपाशी, एका पुणेकर बाईंनी विचारला. मी म्हटलं, "आमच्यात घरी गणपती आणत नाहीत." बाईंचा चेहरा पडला. रत्नागिरीची मुलगी आणि घरी गणपती नाही, म्हणजे सुतक नाहीतर भाऊबंदकी, असं त्यांना वाटलं असावं.

आमचं घर गणपतीपुळ्याच्या पंचक्रोशीतलं. पुळ्याचा देव स्वयंभू, आणि देव म्हणजे नुसती गाभाऱ्यातली मूर्ती नव्हे, मागचा डोंगरच देव. म्हणून प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या डोंगराला, एका अंगाला समुद्र ठेवून. एवढा मोठा गणपती दारात बसलेला असताना मातीचा दुसरा कशाला आणायचा, असा आमच्या बाजूचा जुना हिशेब. त्याऐवजी भाद्रपद चतुर्थीला गाभारा सगळ्यांना उघडा असतो. एरवी लांबून हात जोडायचे, त्या दिवशी आत जाऊन आपल्या हातांनी पूजा करायची. पावसात भिजत रांगेत उभं राहायचं आणि शेवटी बोटांना दगडाचा गारवा लागायचा. वर्षातून तेवढाच एक स्पर्श. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे देवाला असाच हात लावतात.

मी टोकियोत उतरले ती जूनमध्ये, तिथला पावसाळा सुरू झाला होता. त्याला ते आलुबुखारच्या जातीच्या एका फळावरून नाव देतात, कारण तेव्हा ती फळं पिकायला लागतात. आपल्याकडे पाऊस फळ संपवतो, मिरगाच्या आधी झाडावरचा शेवटचा आंबा उतरवायची घाई. तिथे पाऊसच फळाच्या नावाने ओळखला जातो, हे ऐकून मी पहिल्याच आठवड्यात विरघळले. पण तो पाऊस वाजत नव्हता. पत्रा नाही, कौल नाही, पन्हळ नाही. दुहेरी काचेच्या पलीकडे मुकाट पडत राहायचा.

माझ्या आधी आमचा हापूस तिकडे पोचला होता, तोही सुखासुखी नाही. फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ मध्ये भारतीय आंब्याला दार लावलं ते २००६ मध्ये उघडलं. उघडलं तेही अटीवर. फळाला वाफेची आंघोळ घालायची, आतला गर ४७.५ अंशांवर वीस मिनिटं राहिला पाहिजे, आणि हे सगळं त्यांच्या निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत. माझ्या व्हिसाची कागदपत्रं तिसऱ्यांदा परत आली तेव्हा बाबा म्हणाले, "आंब्याला वीस वर्षं थांबवलंनी, तुला दोन महिने म्हणजे काहीच नाही."

भाषेने मात्र आडकाठी केली नाही. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर आ, इ, उ, ए, ओ बघितलं. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वरांचा क्रम आपलाच, आणि व्यंजनंही थेट आपल्या बाराखडीच्या वाटेने चाललेली. सिद्धम् लिपी शिकलेल्या बौद्ध भिक्षूंनी ही मांडणी तिकडे रुजवली. 'हा' मधेच कुठून आला, असं वाटतं. तर त्याचा मूळचा उच्चार 'प'च्या जवळचा होता, म्हणजे तो बरोबर आपल्या प-वर्गाच्या जागी बसलेला. क्रियापद शेवटी. विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या टोकाला 'का' लावायचा, हुबेहूब आपला 'का'. आणि 'ना' म्हणून आपण समोरच्याची मान डोलावून घेतो, तिथे त्यांचा 'ने'. मराठी माणसाला जपानी लवकर येते ती हुशारीमुळे नव्हे. आपलं वाक्य आधीच त्या वळणाचं असतं. (कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, ही गोष्ट वेगळी. तिथे आपली हुशारी उघडी पडते.)

तर अशी सुरुवात झाली आणि मला खोड लागली. जे दिसेल त्यात आपलं शोधायचं. दारात चपला काढतात, आपल्यासारखंच. आंबट खारवलेलं फळ भाताबरोबर खातात, आपलं आमसूल. ऑगस्टमध्ये ओबोन आला आणि शहर गावाकडे धावलं. पूर्वज तीन-चार दिवस घरी येतात, त्यांच्यासाठी माणसंही घरी जातात. शिन्कान्सेनच्या फलाटावर खोके आणि पिशव्या घेतलेली, लहान मुलांना हाताशी धरलेली गर्दी बघून मला दादर स्टेशन आठवलं, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातलं. ती माणसंही चाकरमानीच. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. घोडा अशासाठी, की पितरांनी लवकर यावं. गाय अशासाठी, की जाताना त्यांनी रमतगमत जावं. आमच्या पितृपक्षात कावळ्याची वाट बघायची असते, त्यांनी वाहनाचीच सोय केलेली.

संध्याकाळी मैदानात मधोमध लाकडी मचाण, वर मोठा ढोल, भोवती लोक गोल धरून नाचत होते. आमच्या जाखडीत गाणारे आणि मृदंगवाला मध्ये बसतात, भोवती एका पायात चाळ बांधलेली पोरं फिरतात. मी न विचारता त्या गोलात शिरले. पहिली दोन पावलं जमली, तिसऱ्याला मी जाखडीसारखा पाय आपटला आणि पुढची आजी दचकली. जाखडी जोर मागते, हा नाच हात हलके ठेवायला सांगतो. आजींनी माझ्याकडे न बघता स्वतःचा हात जरा सावकाश फिरवला, मला दिसेल असा. शिकवणं एवढंच.

त्या आजी माझ्याच इमारतीत राहायच्या. पुढे कचऱ्याची अडचणही त्यांनीच सोडवली. नारळ फोडला आणि करवंटी कोणत्या पिशवीत टाकायची ते कळेना. तक्त्यावर माशाचे काटे होते, छत्री होती, तळणीचं तेल होतं, करवंटी नव्हती. आमच्या घरी ती चुलीत जायची, नाहीतर तिची डवली व्हायची. मी ती कठीण वस्तूंत टाकली आणि पिशवी लाल चिठ्ठी लावून परत आली. आजींनी करवंटी हातात घेतली, टिचकी मारून वाजवली, वास घेतला आणि म्हणाल्या, "जळते का?" जळते म्हटल्यावर, "मग जळाऊ."

आमच्या जिल्ह्याचा आणि जपानचा एक जुना धागा मला तिथे राहताना वारंवार आठवायचा. मुरुडचे धोंडो केशव कर्वे. टोकियोतलं स्त्रियांचं विद्यापीठ जिंझो नारुसे यांनी १९०१ मध्ये सुरू केलं. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांकडे टपालाने आली आणि तशीच बाजूला पडली. १९१५ मध्ये ती पुन्हा हाताला लागली, त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी मुंबईच्या सामाजिक परिषदेत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये विद्यापीठ उभं केलं. पुढे १९३० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, जगाचा दौरा करताना ते जपानला गेले. ती पुस्तिका वाचताना कर्व्यांना आपल्याकडे काय नाही ते दिसलं. मी दोन वर्षं तिथे राहून आपल्याकडे आहे तेच मोजत बसले होते, आंबट फळ, गोल नाच, 'का'.

चतुर्थी आली. तिथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या घरांत छोट्या मूर्ती आल्या, आमंत्रणं आली. गेले, आरत्या म्हटल्या, मोदक खाल्ले. पण चतुर्थीला कुणाच्या तरी घरच्या मखरासमोर उभं राहणं ही माझी सवय नव्हती. मला जायला डोंगर हवा होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो थोडा विचार करून म्हणाला, "असाकुसात जा. शोतेन-सामा आहेत. हत्तीचं डोकं."

सुमिदा नदीच्या काठी, सेन्सोजी देवळाच्या गर्दीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मात्सुचियामा. नाव डोंगराचं, उंची जेमतेम दहा मीटर. पुळ्याच्या डोंगराला ते सांगितलं असतं तर तो हसला असता. वर जायला पायऱ्या, आणि म्हाताऱ्यांसाठी रुळांवरून सरकणारा एक इवलासा डबा. दगडावर, कंदिलांवर, जिकडेतिकडे दोनच चिन्हं. एक कसाची थैली आणि दुसरं एकमेकांत गुंतलेले दोन मुळे. हा देव संस्कृतातून चिनी बौद्ध ग्रंथांवाटे आला. त्याचं एक नाव अजूनही बिनायाका आहे. त्याला तिळाच्या तेलात तळलेली एक मिठाई दाखवतात, तिची बांधणी बघून आपली सुगरण मावशी लगेच म्हणेल, कळ्या नीट नाही पडल्या. इथे मात्र नैवेद्य मुळ्याचा. खाली दुकानात पांढरेशुभ्र, हातभर लांब मुळे मांडलेले होते. एक घेतला, दोन्ही हातांवर आडवा धरला आणि वर गेले. दूर्वा-जास्वंद वाहणाऱ्या हातांना तो फार जड लागला.

समोर दार बंद.

मी थांबले. आरतीची वेळ असेल, उघडेल. आजूबाजूचे लोक येत होते, मुळा ठेवत होते, वाकत होते, जात होते. शेवटी तिथल्या बाईंना विचारलं, दर्शन किती वाजता? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग कळला तेव्हा त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं, की हे दार उघडत नाही. मूर्ती झाकलेली असते. हत्तीची डोकी असलेल्या दोघांनी एकमेकांना मिठी मारलेली आहे, असं ते रूप. पुजारी बंद दाराआड त्याला कोमट तेलाची आंघोळ घालतात. भक्तांनी ते बघायचं नसतं.

रागच आला मला, खोटं कशाला बोलू. हा आमचा, नाव आमचं, सोंड आमची, आणि मला दार बंद? वर्षातून एक दिवस ज्याला हात लावते त्याच्या समोर मी जवळजवळ सात हजार किलोमीटरवर मुळा घेऊन उभी, आणि लाकडी फळ्या बघतेय. शेजारी एक तरुण, सूट घातलेला, हात जोडून इतका वेळ वाकून राहिला की मला बाजूला सरावं लागलं. त्याला दार उघडायला नको होतं. त्याचं काम झालेलं दिसत होतं.

तिथेच मी आपलं शोधणं थांबवलं, निदान त्या दिवसापुरतं. हजाराहून जास्त वर्षांत तो देव त्यांचा झाला होता आणि त्यांनी त्याला आपल्या पद्धतीने जपलं होतं. मी पाहुणी होते. कोकणात पाहुण्याने माजघरात डोकावायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

खाली उतरून टेकडीला बाहेरच्या रस्त्याने एक फेरी घातली. दहा मिनिटंही लागली नाहीत. मध्ये सायकलस्टँड, एक शाळकरी मुलगा, कोल्ड्रिंकचं यंत्र. समुद्राच्या जागी नदी होती, तीही इमारतींमागे.

देवापुढून उतरवलेले मुळे तिथे ठेवलेले असतात, ज्याला हवा त्याने न्यावा. मी एक घरी आणला आणि आईला फोन लावला.

"मुळा? गणपतीला?"

"हो."

"आणि दर्शन?"

"नाही झालं. दार उघडत नाहीत."

आई गप्प झाली. मागे पाऊस वाजत होता, पत्र्यावर.

"डोंगर होता का गो?"

"होता, छोटासा."

"फेरी घातलीस?"

"घातली."

"मग झालं की," असं म्हणून तिने गाभाऱ्याच्या रांगेत यंदा किती वेळ लागला ते सांगायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. मुळ्याचे काप केले, मीठ-मिरची आणि वर भरपूर ओलं खोबरं. वाटीभर आजींना नेऊन दिलं. नारळ त्यासाठीच फोडला होता. करवंटी जळाऊ कचऱ्यात गेली.