हात टेकतो तिथं

गिटार पालथी केली की पाठीवर दोन डाग दिसतात. एक तळहाताएवढा, मधोमध. तिथले काळ्या रंगाचे टवके उडालेत, खालचं पांढरं अस्तर उघडं पडलंय आणि एका जागी लाकूडही. दुसरा डाग त्याच्या चार बोटं खाली, लहान, नुसत्या ओरखड्यांचा. दोन्ही डाग कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलचे आहेत, पण बक्कलं दोन वेगळ्या माणसांची.

पहिला माणूस ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपतीत आणि लग्नसराईत परभणी, मानवत, सेलू, जिंतूर असा फिरायचा. उंच होता आणि गिटार खाली, पार मांडीपर्यंत लोंबती ठेवून वाजवायचा. १९९४ मध्ये त्यानं ती अठराशे रुपयांना विकली आणि नानलपेठेतला एक अकरावीतला मुलगा ती चादरीत गुंडाळून सायकलवरून घरी घेऊन आला. मुलगा बुटका होता, पट्टा आखूड करून वाजवायचा. त्याचं बक्कल खाली लागायचं. दुसरा डाग पहिल्याच्या शेजारी उमटायला बारा वर्षं लागली. आज तो मुलगा पन्नाशीकडे झुकलाय, परभणीतच गिटार शिकवतो आणि नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी गिटारची पाठ दाखवतो.

गिटार कोलकात्याला बनलेली, स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या घाटाची. तिच्यावर पॉलिस्टरचा जाड थर आहे, काचेसारखा. तो झिजत नाही, फुटतो. बक्कल लागलं की टवका उडतो. उजवा हात जिथं टेकतो त्या कडेला मात्र रंग जागचा हललेला नाही. परभणीच्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तीस वर्षं तिथं घाम जिरला, तरी गेली ती फक्त झळाळी. उजेडात तिरकी धरली तरच तो मंद पट्टा दिसतो. मे महिन्यात नेकचं लाकूड सुकून आकसतं आणि फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. मृगाचा पाऊस झाला की लाकूड पुन्हा फुगतं आणि टोकं आत जातात. तारखेशिवायही महिना सांगता यावा असं हे वाद्य आहे.

त्या मुलाला ही झीज वाचायला शिकवलं ते गिटारनं नव्हे. गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठच्या एका गावात त्याचे आबा राहायचे. दरवर्षी तिथं अखंड हरिनाम सप्ताह असायचा. सप्ताह उभा राहिला की वीणा गळ्यात पडते आणि काल्याचं कीर्तन होईपर्यंत ती जमिनीला टेकत नाही. पहारे लागलेले असतात. रात्री दोनला एक वीणेकरी दुसऱ्याच्या पाया पडतो, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, तार वाजतीच राहते. आबांचा पहारा पहाटेचा. एकदा त्यांनी दहा वर्षांच्या नातवाच्या गळ्यात ती घातली आणि म्हणाले, "खाली टेकवू नको बाळा, एवढं सांभाळ." अंधारात त्याचा डावा अंगठा दांडीवर सरकत गेला आणि एका खोलगट, गार, गुळगुळीत जागी आपोआप थांबला. तिथं पॉलिश नव्हतं, लाकूडही थोडं खाली गेलेलं. गावातल्या कितीतरी माणसांचे अंगठे तिथंच थांबलेले होते. अंधारात वीणा कुठं धरायची हे ती जागाच सांगत होती.

म्हणून पुण्याला नोकरीत असताना, वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात त्यानं पहिल्यांदा नवीकोरी 'जुनी' गिटार हातात घेतली, तेव्हा तो गोंधळला. रंग उडालेला, धातूचे भाग गंजट, पाठीवर बक्कलचा डाग. किंमत मात्र नव्या चकचकीत गिटारपेक्षा कितीतरी जास्त.

ही गोष्ट सुरू झाली अमेरिकेत. फेंडर कंपनीनं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर काढली. त्या काळी या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारलेलं असायचं. परभणीतला कुठलाही सुतार 'डुको मारू का?' असं विचारतो. त्यातला 'डुको' हा शब्द ड्यूपाँट कंपनीनं १९२० च्या दशकात मोटारींसाठी काढलेल्या याच जातीच्या लॅकरचं नाव आहे. मोटारींचेच रंग पुढं फेंडरच्या गिटारींवर आले. हे लॅकर पातळ असतं. वर्षांनुवर्षं ते सुकत आणि आकसत राहतं, उन्हानं पिवळं पडतं, पांढऱ्या गिटारीचा रंग सायीसारखा होतो. गारठ्यातून एकदम उबेत आणलं की लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगानं हलतात आणि त्याला उभ्या-आडव्या बारीक भेगा जातात, वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या. बाही घासून घासून ते लाकडापर्यंत उतरतं. १९६८ च्या सुमाराला फेंडरनं पॉलिस्टरचा जाड थर स्वीकारला आणि ही सगळी चाल मंदावली. जुन्या गिटारी दुर्मीळ झाल्या, महागल्या. मग १९९५ मध्ये फेंडरच्या कस्टम शॉपनं 'रेलिक' नावाची मालिका आणली. नव्या गिटारी, पण कारखान्यातूनच जुन्या करून दिलेल्या. सुरुवातीच्या काळात बॉडी आणि नेक जुने करण्याचं काम व्हिन्स क्युनेटो नावाचा कारागीर करायचा. गिब्सन कंपनीनं २०२१ मध्ये टॉम मर्फी या कारागिराच्या नावानं 'मर्फी लॅब' काढली, तिथंही हेच काम चालतं.

हे काम सोपं नाही. भेगा पाडायला रंगवलेली बॉडी गोठवून मग उबेत आणतात. पत्रे आणि स्क्रू आम्लाच्या वाफेवर धरतात. लॅकरमध्येच पिवळसर छटा मिसळतात, म्हणजे तीस वर्षांचं ऊन आधीच खाल्ल्यासारखं दिसतं. बाही कुठं घासली असती, अंगठा कुठं वळला असता याचा अंदाज बांधून पॉलिश पेपर चालवतात. चांगल्या कारागिराची रेलिक हातात घेतली की नेकची कड खरोखर मऊ लागते, नव्या गिटारीसारखी टोचत नाही. तो भाग त्याला मनापासून आवडला. गिऱ्हाइकाला खरं सांगून विकली तर यात फसवणूकही नाही. फसवणूक होते ती असंच काम करून १९५९ ची म्हणून गिटार खपवली जाते तेव्हा.

तरीही त्यानं ती घेतली नाही. कारण त्याला पुढं फ्रेटवर सापडलं.

खऱ्या वापरलेल्या गिटारीत सगळ्यात आधी झिजतात ते फ्रेट, कारण तार तिथंच दाबली जाते. त्याच्या गिटारीत पहिल्या तीन फ्रेटवर, बारीक तारांच्या खाली, नखानं जाणवतील अशा खाचा पडल्या होत्या. शिकाऊ मुलगा सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिथंच कॉर्ड धरून बसतो. नंतर खाचा वर सरकल्या, पाचव्या-सातव्या फ्रेटकडं. म्हणजे तो सोलो वाजवायला लागला. २००७ मध्ये फ्रेट घासून सपाट करावे लागले, २०१६ मध्ये बदलावेच लागले. दुकानातल्या त्या जुन्या दिसणाऱ्या गिटारीचे फ्रेट मात्र नवे, उंच, एकही खाच नसलेले. तसे ठेवणं भागच असतं. झिजलेल्या फ्रेटची गिटार बेसूर बोलते, ती कोण विकत घेईल? तेव्हा कारखान्यात केलेली झीज असते ती बघण्याच्या जागी. वाजण्याच्या जागी ती करता येत नाही.

आयर्लंडच्या गिटारवादक रॉरी गॅलाघरची गिटार या बाबतीत पाहण्यासारखी आहे. १९६१ ची, सनबर्स्ट रंगाची स्ट्रॅटोकास्टर. १९६३ मध्ये कॉर्कमधल्या क्राउलीच्या दुकानातून पंधरा वर्षांच्या रॉरीनं ती सुमारे शंभर पौंडांना उधारीवर घेतली. मध्ये ती चोरीला गेली, काही दिवसांनी परत सापडली. तीस वर्षं त्यानं ती अशी वाजवली आणि घामानं अशी भिजवली, की सनबर्स्टचा बहुतेक रंग गेला आणि उघडं लाकूड राहिलं. रॉरी जून १९९५ मध्ये वारला, म्हणजे रेलिक बाजारात आली त्याच वर्षी. पुढं फेंडरनं त्याच गिटारीची प्रत काढली, डागांसकट. मूळ गिटार ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात खर्चासकट ८,८९,४०० पौंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली. अमेरिकन गायक विली नेल्सनची 'ट्रिगर' ही गिटार तर याच्याही पुढची. मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची ही गिटार बोटांनी वाजवायची, म्हणून तिला रक्षक पट्टी नसते. नेल्सन ती १९६९ पासून पिकनं वाजवतो आणि पिक घासून घासून तिच्या फळीला आरपार भोक पडलंय. त्या भोकाला कारण आहे. प्रतीवरच्या डागाला फक्त नमुना असतो.

मागच्या दिवाळीत पुतण्या गच्चीवर पॉलिश पेपर घेऊन बसलेला दिसला. मांडीवर नवी गिटार, निळी, आठ महिन्यांची.

"कामून घासायलास रे?"

"काका, रेलिक करायलोय. व्हिडिओत बघितलं."

तो रागावला नाही. पेपर बाजूला ठेवायला सांगितला आणि म्हणाला, "वाजव." पोरानं वाजवलं. काकानं खडूनं खुणा केल्या, हात टेकतो तिथं, मांडी लागते तिथं, अंगठा जातो तिथं. पोरानं फोटो बघून घासायला घेतलेली जागा वरच्या कडेची होती. पोराचा हात त्याच्या चार बोटं खाली टेकत होता. आणि पाठीवर बक्कलची जागा त्यानं पेन्सिलनं आखून ठेवली होती, पण पोरगं कायम बसून वाजवतं. त्याचं बक्कल तिथं कधी लागलंच नसतं. पुतण्या बराच वेळ खडूच्या खुणांकडं बघत बसला. मग पेपर घडी करून खिशात घातला.

आपल्याकडं झिजेशी वागण्याची एक जुनी रीत आहे आणि ती त्याला फार मोलाची वाटते. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती घसरते. मग टाकी लावणाऱ्याला हाक मारतात. छिन्नीनं ठोके पडतात, पाट्याला पुन्हा दात येतात. पण वरवंट्याची दोन टोकं, जिथं तळवे बसतात, तिथं टाकी कुणी लावत नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतार-तंबोरे घडतात. फरीदसाहेबांपासून सुरू झालेलं ते शिकलगारांचं घराणं, मूळ हत्यारांना धार लावणारं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तारेनं घोडीवर खाच पाडली की तिथले कारागीर घोडी घासून जवारी पुन्हा लावून देतात, कारण त्या खाचेनं आवाज मरतो. जी झीज वाद्याच्या बोलण्याच्या आड येते ती काढायची आणि जी हाताला वाट दाखवते ती ठेवायची, हा भेद टाकीवाल्यालाही ठाऊक आहे आणि जवारी लावणाऱ्यालाही. त्यानं स्वतःच्या गिटारीचे फ्रेट बदलले, रंगाला मात्र हात लावू दिला नाही. 'नवी करून देतो' असं सांगणारे दोनदा भेटले. जुन्या वाद्यांच्या बाजारातला नियमही तेच सांगतो. मूळ रंग खरवडून नवा चढवलेल्या जुन्या गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते.

आबांच्या गावची वीणा मात्र वाचली नाही. आठ-दहा वर्षांपूर्वी देवळाला फरशी बसली, कळसाला सोनेरी रंग लागला आणि त्याच उत्साहात वीणेला तपकिरी ऑइल पेंट मारला गेला. दांडीवरच्या खोलगट जागेत लांबी भरून ती सपाट करून घेतलेली. गावानं वर्गणी काढून, देवाचं म्हणून, प्रेमानंच केलं ते. त्यात कुणाचा दोष काढावा असं त्याला वाटत नाही. पण त्या वर्षी पहाटेच्या पहाऱ्याला वीणा गळ्यात घेतल्यावर त्याचा अंगठा दांडीवर वरखाली फिरत राहिला, त्याला थांबायला जागा सापडेना. तुमच्या गावच्या देवळात अशी वीणा, असा पखवाज, अशी पेटी असेल, तर तारा बदला, शाई भरा, भाता शिवून घ्या. रंगाचा डबा उघडण्याआधी मात्र अंधारात एकदा ते वाद्य हातात घेऊन बघा.

यंदाच्या सप्ताहात तो पुन्हा पहाऱ्याला होता. ऑइल पेंट दांडीवर एका जागी, अंगठ्याच्या पेराएवढा, निघालेला आहे.