कांचेची तार आणि घरची वीज

दारव्हा तालुक्यांतील आमच्या गांवीं कांचेची तार आली, ती आधीं ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आणि मग यथावकाश आमच्या ओसरीपर्यंत. देशांतील सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायती अशा तारेनें जोडण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. २०१५ पासून ती 'भारतनेट' या नांवानें ओळखली जाते. नांवें बदलतात, कामें रेंगाळतात, हें आपल्याकडे नवें नाहीं. परंतु तार आली खरी, आणि तिच्या पाठोपाठ एक प्रश्नहि घरांत आला. तो विजेचा.

आधीं तारेचें नवल सांगितलें पाहिजे. जिला आपण तार म्हणतों तिच्यांत निरोप वाहणारा भाग धातूचा नसून अतिशुद्ध कांचेचा धागा आहे. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. आणि प्रकाश ज्यांतून धांवतो तो मधला गाभा अवघा ९ मायक्रॉनांचा. आमच्या शेतांतील कपाशीचा एकेक तंतु १२ ते २० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे कापसाचा एक तंतु जोडाच्या तोंडावर बरोबर मध्यें बसला, तर प्रकाशाचें दारच झांकलें जावें! जोडणी करणारा मुलगा प्रत्येक वेळीं तें टोक देव्हाऱ्यांतील शाळिग्राम पुसावा तसें जपून पुसतो, तें उगीच नव्हे. तुटलेला धागा सांधतांना मात्र पुसण्यानें भागत नाहीं. दोन्ही टोकें समोरासमोर धरून विजेच्या ज्योतीनें वितळवून एकजीव करावीं लागतात. कांचेंतील मळ काढला तर प्रकाश दूरवर नेतां येईल, हें चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं मांडलें, व २००९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. असा धागा ओढण्याचा कारखाना आतां आपल्याच महाराष्ट्रांत, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथें आहे.

परंतु प्रकाश निरोप आणतो, वीज आणीत नाहीं. जुन्या दूरध्वनीचें तसें नव्हतें. तांब्याच्या जोडतारेंतून बोलणें येई आणि त्याच तारेंतून यंत्राला लागणारी वीजहि येई. दूरध्वनीकेंद्रांत दोन-दोन व्होल्टांच्या २४ घटांची माळ असे; त्यांचे ४८ व्होल्ट. त्यांचें धन टोक जमिनीशीं जोडीत व तारेकडे ऋण टोक देत, कारण उलट केलें तर ओलाव्यांत तांबें झिजून जातें. गांवांत दिवा नसला तरी फोन जिवंत राही तो या घटांच्या पुण्याईनें.

आमच्या घरीं ती पुण्याई १९९४ च्या श्रावणांत कामास आली. वडिलांचा श्वास लागला त्या रात्रीं गांव अंधारांत होतें. दादांनीं कंदिलाच्या उजेडांत फोन उचलला, तों नेहमींचा 'घूं' असा नाद आला. यवतमाळला मला निरोप पोंचला; बहिणीला घेऊन मी पहांटेपूर्वीं घरीं आलों. वडील शुद्धीवर होते. बहिणीच्या हातचें पाणी ते प्याले. दिवस उजाडल्यावर ते गेले.

वाचकांपैकीं कोणी विचारील कीं आतां मोबाइल असतां ही चिंता कशाला? आमचें गांव खोलगट जागीं आहे, घराच्या भिंती जाड मातीच्या आहेत, आणि वीज फार वेळ गेली कीं मनोऱ्याचीहि बॅटरी संपते. आई ८६ वर्षांची आहे. दादाहि सत्तरी ओलांडून गेले. म्हणून ओसरीवरचा तो पांढरा डबा रात्रीं जिवंत राहिला पाहिजे, हा माझा हट्ट.

डब्याला १२ व्होल्ट लागतात. बारा व्होल्टांची, सात अँपिअर-तासांची बॅटरी त्याला सहा-सात तास सहज पुरते. बॅटरी आणली, जोडली, आणि डबा दर घटकेला विझून पुन्हां पेटूं लागला. सगळ्यांनीं तारेला दोष दिला. जोडणीवाल्या मुलानें मात्र खिळ हातांत घेऊन नुसती हालविली व म्हणाला, "काका, पिन ढिल्ली हाय जी, डब्ब्याचा काही दोष नाही." डब्यांतील सुई २.१ मिलिमीटरची, दुकानदारानें दिलेल्या खिळीचें भोंक २.५ चें. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. जोड ढिला असला कीं वीज ठिणगी टाकते, जोड तापतो, डबा गुदमरतो. दहा-वीस रुपयांच्या वस्तूनें अशी सगळी व्यवस्था ओलीस धरली होती!

खिळ बदलली, तरी घोर संपला नाहीं. वाटेंत एक धागा बत्तीस घरांना वांटणाऱ्या जोडाला वीज लागत नाहीं, हें खरें. पण दुसऱ्या टोकाच्या यंत्राला लागतेच. तेथील बॅटरीकडे दोन पावसाळे कोणीं पाहिलें नव्हतें. दादांनीं चौकशी केली, तेव्हां काम पाहणाऱ्यांनीं सांगितलें कीं ठेका तारेचा आहे, बॅटरीचा नाहीं. आपल्याकडे तारेला उद्‌घाटनाची फीत मिळते. बॅटरीला ती कोण बांधणार? शेवटीं दादांनीं ग्रामसभेंत हा विषय तीन वेळां काढला. तिसऱ्या वेळीं लोक हंसले, पण ठराव झाला व बॅटरी आली.

गेल्या आषाढांत रात्रीं नऊच्या सुमारास वीज गेली. आई पुण्याच्या नातीशीं बोलत होती. घर काळोखांत बुडालें आणि नातीचा चेहरा तेवढा उजळ राहिला. आई तिला म्हणाली, "आमच्याकडे दिवे गेले ग. तूं बोल."

दोन्ही बॅटऱ्यांवर दादांनीं बसविल्याची तारीख खडूनें लिहून ठेविली आहे. दर तीन वर्षांनीं त्या बदलाव्या लागतील.