माणसांचा पाऊस

काही शब्द असे असतात की ते नुसते उच्चारले तरी माणसाला आपण दोन इंच उंच झाल्यासारखे वाटते. ‘महासत्ता’ हा त्यांतलाच एक. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या थांब्यावर, केस कापायच्या दुकानात, कुठेही कान द्या. कोणीतरी हा शब्द उच्चारतो आणि ऐकणारे चौघे ताठ होऊन बसतात. आपला देश आर्थिक महासत्ता होणार! कशावरून? तर आपण इतके जण आहोत यावरून! २०२३ साली लोकसंख्येत आपण चीनला मागे टाकून जगात पहिले आलो. परीक्षेत पहिला आलेला मुलगा आणि पंगतीत पहिला बसलेला मुलगा यांतला फरक या आनंदात कोणाच्या ध्यानात येत नाही, एवढेच.

गंमत अशी, की माझ्या लहानपणी हाच आकडा आमच्या मानगुटीवर बसवलेला होता. भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण असे आणि देशाच्या प्रत्येक दुखण्याचे मूळ लोकसंख्या हेच, असे मास्तर सांगत. आता तीच माणसे म्हणे देशाचे भांडवल झाली! एकच आकडा काल साडेसाती आणि आज लक्ष्मी कसा होतो? मी पडलो रत्नागिरीचा. त्यामुळे मला या दोन्ही मतांचा संशय येतो. त्याचे कारण आमचा पाऊस.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परक्या माणसाला वाटेल, इथे पाण्याला काय तोटा? त्याने मे महिन्यात यावे. वाडीच्या तोंडाशी टँकरची वाट पाहत हंडे-कळशांची रांग लागलेली दिसेल. डोंगर समुद्राला खेटून उभा, जमीन उताराची, वर जांभ्याचा सडा आणि फटीफटींचा कातळ. आषाढात कोसळलेले पाणी बघता बघता खाडीला मिळते. पाऊस पडणे आणि घरात पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्याकडच्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. मला वाटते, माणसांचेही असेच आहे. लोकसंख्या म्हणजे पाऊस. संपत्ती म्हणजे अडवलेले पाणी.

आमच्या जिल्ह्याने आपली माणसे पिढ्यान् पिढ्या अशीच वाहून जाऊ दिली. भाताचे तुकडे लहान, खाणारी तोंडे अनेक. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, की वळकटी बांधून बोटीने मुंबईला. गिरणगावात गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली असे. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंथरूण पसरी. खाणावळीत जेवायचे आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर करायची. पोस्टमन हा आमच्या खेड्यांतला खरा अर्थमंत्री होता! मुंबईच्या गिरण्या ज्यांनी चालवल्या, त्यांत आमची माणसे फार होती. पण पगार मुंबईत मिळे, कौशल्य मुंबईत साठे, चाळी मुंबईत उभ्या राहत. गावाला उरे ते मनीऑर्डरीचे कूपन आणि गणपतीतले आठ दिवस. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा अनेक घरांतली ती मनीऑर्डरही आटली. दुसऱ्याच्या धरणावर आपली शेते भिजवणाऱ्याचे याहून वेगळे काय व्हायचे?

त्याचा हिशेब जनगणनेत पाहायला मिळतो. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशाची माणसे वाढत होती, महाराष्ट्राचीही वाढत होती, आणि आमची ऐंशी हजारांनी कमी झाली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे आमच्याकडे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून एका पाहुण्यांनी मुलींची कदर करणारा जिल्हा म्हणून आमचे कौतुक केले. त्यांचा विरस करणे मला जिवावर आले. पण त्या आकड्याचा बराचसा अर्थ एवढाच, की मोजणीदार दारात आला तेव्हा घरातला पुरुष मुंबईला होता.

या कोड्याची उकल करू पाहणारी दोन माणसे याच मातीशी नाते सांगणारी होती, याचा मला अभिमान वाटतो. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतांवर एक निबंध लिहिला. शेताचे तुकडे जोडले म्हणजे दारिद्र्य जाईल, असे तेव्हा मोठमोठे लोक म्हणत. आंबेडकरांनी रोग दुसराच सांगितला. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे निरुद्योगी बसून आहेत. त्यांना खायला लागते, पण त्यांच्या हातांना काम नाही. उपाय एकच, उद्योगधंदे वाढवा. दुसरे र. धों. कर्वे, दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून लोकांचे शिव्याशाप सोसले. एकाने हातांना काम द्या म्हटले, दुसऱ्याने बाईच्या शरीरावर बाईचा अधिकार माना म्हटले. लोकसंख्येचा प्रश्न या दोन वाक्यांत मावतो. आपण मात्र दोन्ही वाक्ये बाजूला ठेवून शंभर वर्षे नुसती डोकी मोजत बसलो.

चीनचे उदाहरण सर्वांच्या ओठांवर असते. १९८० च्या सुमारास त्यांचे आणि आपले दरडोई उत्पन्न फारसे वेगळे नव्हते. २०२३ साली त्यांचे आपल्या सुमारे पाचपट झाले. माणसे तर दोघांकडेही होती! त्यांनी आधी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा आणि दवाखाने पोचवले, मग कारखाने उघडले आणि त्या कारखान्यांत खेड्यातल्या मुलींना लाखांनी काम दिले. त्यासाठी त्यांनी माणसांवर जी सक्ती केली, ती आपल्याला नको. पण पाणी अडवले, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. आपण २०२२ च्या सुमारास एकूण उत्पन्नात ब्रिटनला मागे टाकले, तेव्हा पेढे वाटायला हरकत नव्हती. फक्त पेढा माणशी किती आला, हेही पाहायला हवे होते.

आमच्याकडे पाणी कधीच अडले नाही असेही नाही. १९९० च्या सुमारास राज्य सरकारने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली, आणि ज्या वरकस जमिनीवर गवताखेरीज काही उगवत नसे, तिथे हापूसची आणि काजूची कलमे उभी राहिली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने वेंगुर्ल्याच्या काजूची चांगली कलमे पुरवली. पैसा, ज्ञान आणि हात एका जागी आले, तेव्हा कातळालासुद्धा मोहोर आला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला. गाडी आली, आणि गावी येणे सोपे झाले. जाणे त्याहूनही सोपे झाले!

आज आमच्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसे येतात. मासेमारीच्या बोटींवरही नेपाळचे खलाशी दिसतात. भली, कष्टाळू माणसे. ती आपली मुले मागे ठेवून इथे येतात आणि घरी पैसे पाठवतात, जसे आमचे आजोबा पाठवीत. आमचा मुलगा मुंबईत, नेपाळचा मुलगा आमच्या बागेत, आणि मधल्या घराला कुलूप. याला अर्थशास्त्रात काय म्हणतात कोण जाणे. आमच्याकडे याला नशीब म्हणतात.

यंदा हा प्रश्न आमच्या घरातच येऊन बसला आहे. माझा पुतण्या पुण्याच्या एका कारखान्यात चांगल्या पगारावर आहे. ती नोकरी सोडून गावी काजू फोडण्याचा छोटा कारखाना काढायचे त्याच्या मनात आहे. त्यासाठी दादाच्या निवृत्तीच्या पैशांतली मोठी रक्कम लागेल. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तरी त्याला चार गोष्टी सांगा.” दादा तर म्हणाला, “आम्ही मुंबईला गेलो म्हणून हा शिकला. आता हा उलटा निघाला!” पुतण्याचे म्हणणे साधे होते. “काका, बी आपल्याकडची बाहेर जाते आणि गर होऊन आपल्याच दुकानात विकायला येतो. वाडीतल्या बारा बायकांना आठ महिने काम मिळेल. मला एवढेच करायचे आहे.”

मी त्याला विजेचे विचारले, बँकेचे विचारले, आफ्रिकेतून येणाऱ्या बीच्या भावाचे विचारले. त्याने कागद पुढे ठेवले. हिशेब सोपा नव्हता; पण खोटाही नव्हता. मग मी दादाला म्हटले, “पैसे बुडू शकतात, हे खरे. पण दोन पिढ्या आपण माणसे बाहेर पाठवली, त्यात काय बुडाले ते आपण कधी मांडलेच नाही.” दादा काही बोलला नाही. अजून त्याने होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही.

इतक्या माणसांचा देश महासत्ता होईल का? मला वाटते, होऊ शकेल. पण माणसे इतकी आहेत म्हणून नव्हे. वाडीवाडीतल्या बारा-बारा बायकांच्या हाती काम आले, त्यांच्या मुलींच्या शाळेत शिकवायला मास्तर राहिले, मुलाला घर सोडणे भाग पडले नाही, तर होईल. आणि यालाही मुदत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण देशात २ वर आणि महाराष्ट्रात १.७ वर आलेले दिसले. म्हणजे माणसांचा हा पाऊस ओसरू लागला आहे. आमच्या गावांतून म्हातारी माणसे आणि बंद घरे आताच दिसतात. रत्नागिरी जिथे पोचली, तिथे उद्या सारा देश पोचायचा आहे. प्रश्न इतकाच, की हाती काही घेऊन पोचणार की रिकाम्या हाताने?

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे वहाळांना अजून पाणी असते. गावकरी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरतात, ती एकावर एक रचतात आणि वहाळ अडवतात. त्याला वनराई बंधारा म्हणतात. खर्च थोडा, मेहनत पुष्कळ. विहिरींना मग पुढे काही महिने आधार होतो. पण हे काम याच दिवसांत करायचे असते. माघात बंधारा घालायला कोणी जात नाही; तेव्हा वहाळात नुसते गोटे असतात.