पेठेचा अर्थ

पुण्याच्या माणसाला पत्ता विचारावा, तर घरक्रमांकाच्या आधी तो पेठेचे नाव सांगतो. "आम्ही सदाशिव पेठेतले," एवढे म्हटले की त्याच्या मते सारे सांगून झाले! पेठ म्हणजे वस्ती, पेठ म्हणजे वळण आणि क्वचित पेठ म्हणजे थोडा ताठाही. पण या शब्दाचा मूळ संबंध राहण्याशी नाही, विकण्याशी आहे. पेठ म्हणजे बाजार. 'बाजारपेठ' या जोडशब्दात तो अर्थ आजही नांदतो आहे.

मागे एकदा वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा धारवाडकडची एक मुलगी चटकन म्हणाली, "सर, आमच्याकडे प्याटीला जातात ते भाजी आणायला!" तिची प्याटी म्हणजेच कानडीतली पेटे. तेलुगूत ती पेट होते, तमिळमध्ये पेट्टै. बंगळूरच्या जुन्या शहरात बळेपेटे बांगड्यांची, अक्किपेटे तांदळाची, रागीपेटे नाचणीची. मद्रासेतले चिंताद्रिपेट अठराव्या शतकात विणकरांसाठी वसवले. नावाचा अर्थच 'लहान मागांची पेठ'. समुद्रापलीकडे कोलंबोतही किल्ल्याबाहेरच्या बाजाराला पेट्टा म्हणतात. आपण जिला अस्सल पुणेरी समजतो, तिचे गणगोत असे दूरवर पसरलेले आहे.

आता पुण्यात परत येऊ. सर्वांत जुना तो कसबा. हा शब्द अरबी. तिथल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवरचे ठोके आजही ऐकू येतात. कसब्याभोवती एकेक पेठ वसत गेली. आजची वारांची नावे मात्र मागाहून आलेली. सोमवार पूर्वी शहापुरा होती, मंगळवार अष्टापुरा, रविवार मलकापूर, शुक्रवार विसापूर आणि शनिवार मुर्तजाबाद. बुधवार पेठ तर १७०३ साली औरंगजेबाने वसवलेले मुहियाबाद! पानिपतावर १७६१ साली पडलेल्या भाऊसाहेबांचे नाव सदाशिव पेठेला मिळाले; १७७३ साली ज्यांचा खून झाला त्या नारायणरावांचे नारायण पेठेला. हनुमान पेठेची नाना पेठ झाली ती नाना फडणिसांमुळे.

पण पेठ वसवायची म्हणजे काय करायचे? नुसती जागा आखून माणसे येत नाहीत. सरकार कौल देई. येऊन घर बांधा, दुकान मांडा, काही वर्षे पट्टी माफ. नव्या पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे सोपवली जाई. व्यापारी आणि कारागीर आणून बसवणे हे त्यांचे काम. मग कोणी गुजरातेतून आला, कोणी मारवाडातून, कोणी कोकणातून घाट चढून आला. खुद्द पेशव्यांचे घराणेही श्रीवर्धनचे! म्हणजे पेठेतला पहिला रहिवासी हा मुळात बाहेरचा, आणि नुसता आलेला नव्हे, सवलती देऊन बोलावलेला.

हे सांगण्याचे कारण ती धारवाडची मुलगीच. पुण्यात आल्यावर खोली शोधायला ती पेठांतून हिंडली. दारोदारी पहिला प्रश्न एकच, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" उत्तर ऐकले की दार हळूच ओढून घेतले जाई. नवव्या घरी तिला खोली मिळाली. तिने हे हसत सांगितले, पण मला हसू आले नाही. 'पेठ' हा शब्द आपल्याइतकाच तिच्याही घरचा होता.

आज वाडे पडताहेत, त्या जागी सोसायट्या उभ्या राहताहेत. नव्या वस्त्यांना नगर म्हणतात, पार्क म्हणतात, एन्क्लेव्हही म्हणतात. पेठ हे नाव आता सहसा कोणी ठेवत नाही. त्याची खंत फारशी करू नये. शब्द जुना होतो, तसा त्याचा वापरही बदलतो. मात्र त्यातला कौल विसरू नये.

या दिवाळीत आकाशकंदील आणायला बुधवारात जाल, भांडी घ्यायला रविवारात जाल, तेव्हा गर्दीला कंटाळून कपाळाला आठी घालू नका. दहा गावांची माणसे, पाच बोलींतली घासाघीस, खांद्याला खांदा लागलेला: पेठेचा खरा अर्थ तो हाच. आणि त्या गर्दीत कोणी नवखा वाट विचारू लागला, तर 'मूळचे कुठले' हे विचारण्याआधी त्याला वाट दाखवा.