जेवणाच्या डब्यातून निघालेला आवाज

गायन पार्टीत गिटार वाजवणाऱ्याची एक अडचण असते. ढोलकी, बँजो आणि कीबोर्ड रंगात आले की गिटार कुठे गेली ते वाजवणाऱ्यालाही कळत नाही. आम्ही दोघे भाऊ दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमांत साथ करतो. थोरला वायरमन, धाकटा कुरिअरच्या नोकरीत. गिटार एकच, ती धाकट्याकडे. तिचा आवाज पुढे यावा म्हणून पायाने दाबायचे पेडल मिळते. एका पेडलने आवाज जाड, खरखरीत होतो. त्याला फझ म्हणतात. दुसऱ्याने वाजवलेला सूर क्षणभराने पुन्हा ऐकू येतो, तो डिले. दुकानात परदेशी बनावटीच्या या दोन पेडलांची किंमत विचारली आणि आम्ही मुकाट्याने परत फिरलो. तेवढ्यात घरचे दोन महिन्यांचे वाणसामान भरते.

तेव्हाच ठरवले, आपणच करायचे.

वाचकहो, फझचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत नॅशव्हिल गावी मार्टी रॉबिन्स या गायकाचे एक गाणे ध्वनिमुद्रित होत होते. ग्रेडी मार्टिन यांचे वाद्य ज्या यंत्रातून जात होते त्यात बिघाड झाला आणि सूर फाटून बाहेर पडला. तो तसाच ठेवला गेला, आणि १९६१ साली गाणे गाजले. ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञाने मग तोच बिघाड मुद्दाम घडवणारी जोडणी तयार केली, आणि १९६२ मध्ये ती पेटी बाजारात आली. बिघडलेल्या यंत्राचा आवाज लोक पैसे देऊन घेऊ लागले!

आतली करामत समजायला अवघड नाही. ट्रान्झिस्टर आवाज वाढवतो, पण ९ व्होल्टच्या बॅटरीवर त्याला वाढायला जागा ती किती? सुराची लाट त्याहून उंच जाऊ पाहते, वर छताला आपटते आणि तिचा माथा सपाट होतो. तो सपाट माथा म्हणजेच खरखर. १९६६ सालच्या एका प्रसिद्ध गोल पेडलात सगळे मिळून ११ भाग होते : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन कंट्रोल. लॅमिंग्टन रोडला हे सगळे एका दुकानात कागदी पुडीत बांधून मिळाले. एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर डाख द्यायला बसलो, दिवेलागणीला गिटार गुरगुरू लागली.

डिलेने मात्र तीन रविवार खाल्ले. पूर्वी यासाठी टेपची गोल पट्टी फिरवत. एका ठिकाणी आवाज भरायचा, पट्टी पुढे सरकली की दुसऱ्या ठिकाणी तो ऐकायचा. आता ते काम पीटी २३९९ नावाची १६ पायांची आयसी करते. आवाजाचे आकडे करून ती साठवते आणि थोडे थांबून परत देते. सहाव्या पायाला जोडलेला रेझिस्टर वाढवला की थांबणे लांबते. साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत, आवाज बरा राहतो. पुढे खसखस वाढते. बाहेर आलेला आवाज थोडा पुन्हा आत सोडला की सूर तीनदा, चारदा घुमतो. जास्त सोडला तर तो थांबतच नाही, वाढत वाढत किंचाळू लागतो. शेजारच्या काकू दोनदा दार वाजवून गेल्या. या आयसीला ५ व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये ७८०५ बसवला; शिवाय ती बॅटरी भराभर खाते, म्हणून अडॅप्टर.

राहिली पेटी. तात्पुरते सगळे पेढ्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवले होते, पण ट्यूबलाइट लावली की गुणगुण यायची. धातूचा डबा अर्थला जोडला तर ती अडते. घरात योग्य मापाचा धातूचा डबा एकच होता : वडिलांचा तीन कप्प्यांचा ॲल्युमिनियमचा, गिरणीत न्यायचा. १९८२ च्या संपानंतर गिरणीचे दार त्यांना पुन्हा उघडले नाही. पुढे वडील गेले, पण आई तो डबा दर आठवड्याला घासून मांडणीवर ठेवते. त्याला भोके पाडू का, हे विचारायला आम्हा दोघांनाही धीर होईना. शेवटी वहिनीने विषय काढला. आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गिटार लावायला सांगितली. एकदा प्लास्टिकच्या डब्यात ऐकले. मग आम्ही भोवती स्वयंपाकघरातले पातेले पालथे घालून त्याला वायर जोडली. गुणगुण बसली. "मग पातेलेच घ्या की," आई म्हणाली. पातेले मोठे होते, पायाखाली डगमगले असते, हेही तिने स्वतःच पाय ठेवून पाहिले. नंतर उठून मधला कप्पा काढून दिला. अट एकच : तळाला वडिलांचे नाव कोरले आहे, ते दिसले पाहिजे.

पेडलात तळच वर येतो. चार कंट्रोल आणि पायाची दोन बटणे नावाला धक्का न लावता बसवायला थोरल्याने कागदावर सात वेळा आखणी केली. बटणे अगदी कडेला गेली आहेत, नावावर पाय पडू नये म्हणून. धाकट्याला त्यामुळे वाजवताना टाच वाकडी करावी लागते. पहिल्या कार्यक्रमाला तो बूट काढूनच उभा राहिला.