खरं आहे म्हणून लिहायचं का?

२५ फेब्रुवारी जवळ आली की मी सिस्टर राणी मारियांवर लिहायला बसते. आमच्याच देवास जिल्ह्यातल्या उदयनगरात त्या काम करत होत्या. गरीब आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी झटल्या, आणि १९९५ साली याच दिवशी इंदूरला जाणाऱ्या बसवर त्यांची भोसकून हत्या झाली. यंदा मात्र हात चालेना.

गेल्या उपवासकाळात मी एका तरुणाची साक्ष लिहिली होती. दारू सुटली, घर सावरलं, तो मिस्साला परत येऊ लागला. नाव दिलं नव्हतं. पण दोन भाऊ, वडील नाहीत, कारखान्यात रात्रपाळी, एवढं सांगितल्यावर नाव हवं कशाला? आमचा धर्मग्राम तो केवढा! कारखान्यात त्याच्या दारूबद्दल कुणाला ठाऊक नव्हतं. आता झालं. तो मिस्साला यायचा बंद झाला आहे.

त्यावरून आमच्या बैठकीत विषय निघाला, की अशा लिहिणाऱ्यांसाठी लेखी आचारसंहिता हवी का. मी फणकाऱ्याने म्हटलं, “आठवी आज्ञा आहे ना! खोटी साक्ष देऊ नको. पुरे आहे तेवढं.”

घरी येऊन धर्मशिक्षणाचा ग्रंथ उघडला आणि गप्प झाले. याच आज्ञेखाली, परिच्छेद २४७७ मध्ये, दुसऱ्याच्या नावलौकिकाविरुद्धची तीन पापं सांगितली आहेत. पुराव्याशिवाय कुणाला दोषी धरणं, खोटं बोलून बदनामी करणं, ही दोन मला माहीत होती. तिसरं असं, की दुसऱ्याचा खरा दोष, रास्त कारण नसताना, ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगणं. म्हणजे माझा लेख शब्दन् शब्द खरा होता, आणि तरी दोष माझाच.

सरकारी संहिताही आहे म्हणा. २०२१ च्या आयटी नियमांत, तेही नेमके २५ फेब्रुवारीलाच निघालेले, डिजिटल बातम्या देणाऱ्यांसाठी नीतिसंहिता घातली. पत्रकार निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्टमध्ये ती पाळण्याच्या सक्तीला अंतरिम स्थगिती मिळाली. मला ते बरंच वाटलं. सरकारच्या धाकाने लेखणी आधी खरं बोलायचं सोडते. पण भक्तीपर लिहिणाऱ्या माझ्यासारखीला त्या नियमांनी कुठे अडवलं असतं? आम्ही तर प्रार्थनेच्या नावाखालीही सांगून मोकळे होतो. धारहून कुणी ऑपरेशनला इंदूरला गेलं, की ‘प्रार्थना करा’ म्हणत आजारासकट बातमी सगळीकडे.

राणी मारियांच्या मारेकऱ्याची गोष्ट मी कितीदा लिहिली आहे. समंदर सिंह. सिस्टरच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ साली तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. आपण काय केलं, आपल्याला क्षमा कशी मिळाली, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगत आला आहे. म्हणून ती साक्ष. माझ्या तरुणाने कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्याच्या आईने मला सांगितलं, चर्चच्या पायरीवर, रडत रडत.

आणखी एक. दरवर्षी सिस्टरच्या अंगावरच्या जखमांचा आकडा मी न चुकता लिहायचे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांच्या आईने तो आकडा कितीदा ऐकला असेल, हे कधी मनातही आलं नाही. यंदा तो गाळला आहे.

सदसद्विवेक असताना लेखी नियम कशाला, असं मीच म्हणत होते. पण गोष्ट चांगली जमून आली, की माझा सदसद्विवेक लेखणीच्याच बाजूने बोलतो, हा माझा अनुभव. तेव्हा कागदावर हवं. ज्याची गोष्ट त्याला आधी विचारायचं. लिहिलेलं त्याला दाखवायचं. तो ‘नको’ म्हणाला तर कारण विचारायचं नाही. मुलांची आणि आजाऱ्यांची ओळख लागेल असं काही द्यायचं नाही. कागद फादरांकडे दिला आहे; पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.

लेख मी काढून टाकला, पण कुणाच्या तरी मोबाईलमध्ये तो अजून आहे. माफी मागायला घरी गेले. त्याच्या आईने चहा दिला. तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

त्या घरासाठी प्रार्थना करा. कोणतं घर, ते विचारू नका.