मुलगा की मुलगी? गोठ्यातून समजलेला गुणसूत्रांचा धडा

नववीच्या विज्ञानातला 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा पाठ तुम्ही वाचला असेल. गुणसूत्र, जनुक, डीएनए हे शब्द पाठही केले असतील. आज हाच पाठ आपण गोठ्यात जाऊन समजून घेऊ.

मी राहते बारामतीत आणि माझी शाळा आहे इंदापूर तालुक्यात. काही वर्षांपूर्वी हा पाठ संपवून मी वर्गाबाहेर पडत होते. एक मुलगी मागे थांबली. त्या तिघी बहिणी, आणि आईला पुन्हा दिवस गेलेले. हळूच म्हणाली, "मॅडम, आजी म्हणते आईच्या पोटातच दोष आहे, म्हणून मुलीच होतात. खरं आहे का?"

मुलांनो, फळ्यावर मी सगळं लिहिलं होतं. तरी तिला हवं ते उत्तर त्यात सापडलं नव्हतं. मग मी तिला विचारलं, "तुमच्याकडे गाई आहेत ना? मागच्या वेळी गाय कशी भरवली?"

"डॉक्टरांनी कालवडीची कांडी भरली. महाग होती. पप्पा म्हणाले, खोंड होऊन काय उपयोग?"

"ती कांडी गाईची असते की वळूची?"

ती क्षणभर थांबली. "वळूची."

आता नीट लक्ष द्या. आपल्या पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांब धागे गुंडाळलेले असतात. तीच गुणसूत्रं. या धाग्याचा ठरावीक तुकडा म्हणजे जनुक. डोळ्यांचा रंग, रक्तगट अशा गोष्टींची माहिती जनुकांत असते. माणसात गुणसूत्रं ४६, म्हणजे २३ जोड्या. गाईत ६०, म्हणजे ३० जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक वडिलांकडून.

शेवटची जोडी लिंग ठरवते. आईकडे एक्स आणि एक्स, त्यामुळे तिच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच जातो. वडिलांकडे एक्स आणि वाय, म्हणून निम्म्या शुक्रपेशींत एक्स आणि निम्म्यांत वाय. एक्स मिळाला तर मुलगी, वाय मिळाला तर मुलगा. गाई-बैलांतही हेच. कालवडीच्या कांडीत वळूच्या एक्सवाल्या शुक्रपेशी वेगळ्या करून भरलेल्या असतात. एक्स हा वायपेक्षा मोठा, त्यामुळे त्या पेशीत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो. यंत्र तेवढ्या फरकावर त्या निवडतं. मग शंभरात साधारण नव्वद वेळा कालवड होते. गाय तीच राहते, बदलते फक्त कांडी!

बाकीचे गुण मात्र दोघांकडून येतात. नीरा नदीपलीकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथे सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळी देणारं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. हे जनुक मेंढ्यांच्या सहाव्या गुणसूत्रावर असतं. नर मेंढा काही वीत नाही, पण तोही हे जनुक आपल्या लेकींना देतो. म्हणून कळपासाठी मेंढा पारखून घेतात. जनावरांच्या बाबतीत आपण नराकडे बघतो आणि घरात मात्र बोल बाईला लावतो.

मग दोष वडिलांचा का? नाही. कोणती शुक्रपेशी पोहोचेल हे कुणाच्या हातात नसतं. नाणं तीनदा छापावर पडलं म्हणून चौथ्यांदा काट्यावर पडेलच असं नाही. प्रत्येक वेळी शक्यता जवळपास निम्मी-निम्मीच. आणि मुलगी होणं हा दोषच नाही, तर तो कुणाच्या माथी मारायचा प्रश्न येतोच कुठे?

हे न समजल्याची किंमत मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध आपल्या राज्याने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. गोठ्यात कालवड निवडता येते. माणसात गर्भधारणेपूर्वी लिंग निवडणं आणि गर्भाचं लिंग तपासून सांगणं, दोन्ही गुन्हे आहेत.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. मी विचारलं, "सांगितलंस का घरी?"

"सांगितलं. आजी म्हणाली, माणूस काय जनावर आहे का? पप्पा काहीच बोलले नाहीत."

"आणि आई?"

"आईने रात्री भांडी घासताना मला सगळं परत एकदा सांगायला लावलं."

चौथं अपत्य काय झालं, असं तुम्ही विचाराल. ते मी सांगणार नाही, कारण मग पुन्हा आपण तिथेच येऊ. त्यापेक्षा एक काम करा. वहीत एक्स-वायची आकृती काढा आणि आज घरी कुणाला तरी समजावून सांगा. परीक्षेत या आकृतीला गुण मिळतीलच, पण घरातल्या एखाद्या बाईला तिची जास्त गरज असेल.